मुंबई ते जयगड शिडाच्या बोटीने: रात्रभर एका दमात की टप्प्याटप्प्याने?

शिडवेडा

नमस्कार मंडळी,

आम्हा तीन मित्रांची मिळून अठ्ठावीस फुटी शिडाची बोट आहे. गेले काही मोसम बंदरात, मांडव्याला, फार तर खांदेरीला वळसा घालून परत, एवढंच फिरणं झालं. येत्या डिसेंबरात ती जयगडला न्यायची आहे. अंतर साधारण १०० सागरी मैल. ताशी ५ मैलांची चाल धरली तर वीस तास, म्हणजे एक अख्खी रात्र पाण्यावर.

दुसरा मार्ग म्हणजे मुरूड, हर्णै, जयगड असे तीन दिवस. एकेक टप्पा तीस-चाळीस मैलांचा, सगळा उजेडात. घरच्यांचं मत अर्थातच हे. माझं मन मात्र रात्रीच्या प्रवासाकडे ओढ घेतं. बोटीवर आम्ही चौघे असू. डिझेल इंजिन आहे, व्हीएचएफ (रेडिओ) आणि एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि कमरेला बांधायचा पट्टा आहे.

हा किनारा ज्यांनी रात्री पाहिला आहे त्यांनी सांगा, पहिल्याच खेपेला रात्र काढावी का? आणि काढायची तर किनाऱ्यापासून किती दूर राहावं?

तांडेलपुत्र

आमचे वडील हर्णै बंदरात तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके, होते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. तुम्ही लाटांचा आणि वाऱ्याचा विचार करत असाल. डिसेंबरात ह्या पट्ट्यात दोन्हींचा त्रास फारसा होत नाही. रात्रीचा खरा प्रश्न जाळ्यांचा आहे.

तरती जाळी किलोमीटरच्या वर लांब असतात. एका टोकाला बोट, दुसऱ्या टोकाला बोया आणि त्यावर मिणमिणता दिवा. मधलं सगळं अंधारात. तुम्हाला बोट दिसते, तुम्ही तिच्यापासून अर्धा मैल लांबून जाता आणि बरोबर जाळ्यावर येता. कोणी तुमच्याकडे बॅटरी हलवायला लागलं तर तो राम राम नसतो. तो सांगतोय की पुढे जाळं आहे. बॅटरीचा झोत ज्या बाजूला पुन्हा पुन्हा फिरवतात त्या बाजूने जायचं. कळलं नाही तर इंजिन न्यूट्रलला टाकून थांबा आणि हाका मारा. चार शब्द मराठीत बोललात की रस्ता मिळतो.

नियमाप्रमाणे ट्रॉलिंग करणाऱ्याने (जाळं ओढत नेणाऱ्याने) वर हिरवा, खाली पांढरा आणि इतर मासेमारी करणाऱ्याने वर लाल, खाली पांढरा दिवा लावायचा असतो. प्रत्यक्षात हल्ली लुकलुकणाऱ्या रंगीत एलईडीच्या माळा दिसतात, त्यावरून बोट कुठे चाललीय ते ओळखणं अवघड. शिवाय बहुतेक बोटी तुमच्या एआयएसवर दिसणारच नाहीत. तेव्हा पडद्याकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघा.

आणि एक विनंती. जाळं इंजिनाच्या पंख्यात आलं तर सुरी काढायच्या आधी मालकाला हाक मारा. कापलेलं जाळं म्हणजे कोणाच्या तरी घरची महिन्या-दोन महिन्यांची कमाई असते.

गार्गी_दर्या

तांडेलपुत्र, फार मोलाचं लिहिलंत.

शिडवेडा, मी रात्रीच्या बाजूने आहे. कारण वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं. दुपारी बारा-एकला वायव्येकडून खारा वारा सुटतो, तीन-चारला भरात येतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत मरतो. मग दोन-तीन तास शिडं नुसती फडफडतात. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई सुरू होतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो.

दक्षिणेला जाताना दुपारचा वायव्य वारा पाठीमागून, पहाटेचा मतलई डाव्या अंगावरून. दोन्ही सोयीचे. त्यातही मतलईतला प्रवास जास्त चांगला, कारण वारा किनाऱ्यावरून येतो आणि त्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही. पाणी सपाट आणि शिडं भरलेली. तीन टप्प्यांत गेलात तर रोज सकाळी मतलई संपता संपता नांगर उचलाल, दुपारपर्यंत इंजिन चालवाल आणि वारा भरात आला की मुक्कामाला पोचाल. म्हणजे ज्यासाठी शिडाची बोट घेतली तेच हुकणार.

मिसळपाव्या

चार जण म्हणालात. पाचव्याला जागा आहे का? चहा उत्तम करतो.

खाडीकाठचा

गार्गीताईंचं वाऱ्याचं गणित अचूक आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. पहिल्या रात्रीला वीस तास हे फार झालं. रात्री तीनच्या सुमाराला माणसाला दिवे दिसतात पण त्यांचा अर्थ लागत नाही. एक लाल दिवा आणि वर दोन पांढरे, म्हणजे मोठं जहाज आपल्याला डावं अंग दाखवतंय, हे दिवसा सोफ्यावर बसून सांगता येतं. झोपेतून उठून दोन मिनिटांत सांगता येईलच असं नाही.

माझं म्हणणं, आधी अर्धी रात्र करा. संध्याकाळी निघून खांदेरीच्या बाहेरून मुरूडकडे, उजाडल्यावर राजपुरीच्या खाडीशी नांगर. चाळीसेक मैल. तेवढ्यात चौघांपैकी कोणाला बोट लागते, कोण झोपू शकतं, कोण घाबरतं, सगळं कळतं. जयगड पुढच्या महिन्यात.

सोलेंटकर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शिडं शिकलो, त्या अनुभवावरून लिहितो. आमच्याकडे रात्रीचा प्रवास प्रशिक्षणाचाच भाग असतो. पाळ्या आधी कागदावर लिहा. चौघे असाल तर दोघा-दोघांच्या जोड्या, तीन तास वर, तीन तास खाली. अंधार पडायच्या आधी सगळ्यांचे पट्टे बांधलेले. वर एकटा असताना कोणीही डोलकाठीकडे जायचं नाही, आधी दुसऱ्याला उठवायचं. दिवस मावळायच्या आत पहिली जोडी झोपायला पाठवा, झोप येवो न येवो.

आणि मध्येच थकलात तर जवळच्या मरीनात (खासगी बोटी लावायच्या बंदरात) शिरा.

खाडीकाठचा

सोलेंटकर, पाळ्यांचं शंभर टक्के मान्य. पण मरीना? मुंबईत गेटवेसमोर बोटी नांगरावर झुलतात आणि पावसाळ्यात वर ओढून ठेवतात. पुढे जयगडपर्यंत खाड्या आहेत, कोळी बंधूंची बंदरं आहेत, मरीना एकही नाही. दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. रात्री दमून तिथे शिरण्यापेक्षा बाहेर खोल पाण्यात रात्र काढणं कितीतरी सुरक्षित. म्हणूनच म्हणतो, अनोळखी खाडीत अंधारात जायचं नाही. मग कितीही झोप येवो.

सोलेंटकर

बरोबर. तो सल्ला मी मागे घेतो.

पंचांगी

तारीख ठरवताना पंचांग उघडा. मुंबईला पूर्ण भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. काही मिनिटं इकडेतिकडे होतात, पण आखणीला पुरतं. नेमक्या वेळा छापील तक्त्यात बघा.

पौर्णिमा धरली तर काय होतं बघा. दुपारी बाराला भरती पूर्ण, मग सहा तास ओहोटी. ती ओहोटीच तुम्हाला बंदराबाहेर ढकलते. मुंबई बंदरात उधाणाला पाण्याची ओढ जबर असते, तिच्या विरुद्ध पाच मैलांच्या चालीने निघणं म्हणजे डिझेल जाळणं. संध्याकाळी चंद्र उगवतो आणि उजाडेपर्यंत वर राहतो. सकाळी जयगडला पोचता तेव्हा पाणी पुन्हा चढायला लागलेलं असतं. चढत्या पाण्यात खाडीत शिरताना तळ लागलाच तर तासाभरात बोट आपोआप मोकळी होते. उतरत्या पाण्यात लागलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिरके बसून राहाल. मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंतीचा दिवस, डिसेंबरातच येतो बहुधा.

गार्गी_दर्या

वा! ह्यासाठी ह्या धाग्यांवर यावंसं वाटतं.

तांडेलपुत्र

पंचांगी, हिशोब सुरेख आहे, त्यात एक भर. उधाणाच्या तिथींना डोल जाळी (खुंटांना बांधून प्रवाहात सोडलेली पिशवीसारखी जाळी) जोरात असतात, कारण डोलीला पाण्याची ओढ लागते. मुंबईपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत उथळ पाण्यात खुंट आणि पिंपं दिसतील. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, ती कमी. उलट लांबच्या पाण्यात, काळोख्या रात्री चांगल्या धंद्याच्या. काळोखात माशांचा थवा हलला की पाणी चमकतं आणि पर्ससीनवाल्यांना (थव्याभोवती जाळ्याचा वेढा टाकणाऱ्यांना) तो दिसतो. चांदण्यात ते दिसत नाही. म्हणजे पौर्णिमेला जवळ गर्दी, बाहेर तुलनेने मोकळं.

तेव्हा शिडवेडा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दिवस मावळायच्या आत किनाऱ्यापासून दहा-बारा मैल बाहेर जा. वीस मीटरची खोली मागे टाका, तीसच्या आसपास राहा.

निवृत्त_नाविक

तांडेलपुत्रांशी सहमत. खांदेरीचे खडक आणि पुढे अलिबागसमोरचा चौलकडू, दोन्ही आतल्या बाजूला सोडून बाहेरूनच जा. फक्त हे लक्षात ठेवा की बाहेर गेलात की मोठी जहाजं भेटतात. जयगड ते धरमतर कोळसा आणि खनिज नेणाऱ्या बार्जेस रात्रंदिवस ये-जा करतात, त्या तुमच्याच वाटेवर उलट्या येतील. त्या एआयएसवर दिसतात ही जमेची बाजू. समोरच्याची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर ठरलेली आहे. शिडाच्या बोटीला वाट देण्याचा नियम आहे म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. लवकर वळा, आणि त्याला दिसेल एवढं वळा.

आता कागदपत्रं. २००८ साली अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन मुंबई गाठली, तेव्हापासून रात्रीच्या बोटींकडे बघण्याची नजर बदलली आहे, आणि ती बदललीच पाहिजे होती. निघण्याआधी बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांना लेखी कळवा: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, माणसं, निघण्याची आणि पोचण्याची वेळ. प्रत्येकाचं ओळखपत्र बोटीवर हवं. ‘सागर कवच’ हा किनारा सुरक्षेचा सराव चालू असेल तर वाटेत थांबवून तपासतील, सहकार्य करा. व्हीएचएफ सोळा नंबरवर सतत चालू. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ चौघांच्याही फोनमध्ये हवा, आणि किनाऱ्यावर एक माणूस असा हवा की तुमचा ठरल्या वेळी निरोप आला नाही तर तो न लाजता फोन करेल.

आजोळ_दाभोळ

थोडं अवांतर. हा धागा वाचून आजी आठवली. तिच्या लहानपणी कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. ‘रोहिदास’, ‘चंद्रावती’ ही नावं ती नातेवाइकांची घ्यावीत तशी घ्यायची. बंदरांत धक्के नव्हते. आगबोट बाहेर उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं उतरवून न्यायचे, पोरं वरून खाली हातोहात दिली जायची. ती सांगायची की रात्री डेकवर घोंगडी टाकून पडलेली माणसं दीपगृहाचा झोत बघून उठून बसत आणि आपलं बंदर किती लांब राहिलं ते एकमेकांना सांगत.

त्याच घरात ‘रामदास’ बोटीचं नाव मात्र कोणी मोठ्याने घेत नसे.

पंचांगी

१७ जुलै १९४७. रेवसला जाणारी बोट, भर पावसाळा, अमावास्येचा दिवस, काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आळीतलेही काही त्यात होते.

निवृत्त_नाविक

त्या घटनेतून आजही घेण्यासारखं आहे ते हवामानाबद्दल. आज हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देतं, हवामान खात्याचे इशारे असतात. पण ‘डिसेंबर म्हणजे शांत’ असं डोळे मिटून धरू नका. २०१७ मध्ये ओखी वादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं. केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटींनी देवगडात आसरा घेतला. अरबी समुद्रात खाली कुठेही कमी दाबाचं क्षेत्र असेल तर निघायचं नाही. रजा टाकली आहे, पाहुणे आले आहेत, ही कारणं समुद्राला सांगता येत नाहीत.

मालवणी_मासो

देवगडाचा नाव इला म्हणान लिवतंय. जयगडाक थांबतास कित्याक, फुडे येवा आमच्याकडे. बंदर आडोशाचा आसा. आणि बांगडो ताजो गावात.

मिसळपाव्या

ह्या आमंत्रणानंतर माझी पाचवी जागा पक्की धरतो. खाण्याचं काय ठरलं? दशम्या, कोरडी चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे. तेलकट काही नको, श्रीखंड तर नकोच नको.

गार्गी_दर्या

आणि आलेपाक. बोट लागणाऱ्यांना खाली केबिनमध्ये बसवू नका, वर सुकाणूवर बसवा आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. निम्मे तिथेच बरे होतात. डिसेंबरात पहाटे दव इतकं पडतं की शिडांवरून थेंब गळतात, त्यामुळे एक जादा कोरडा कपड्यांचा जोड आणि कानटोपी प्रत्येकाकडे हवी. मुंबईकर हसतात कानटोपीला, पहाटे चारपर्यंत.

शिडवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

खाडीकाठच्यांचं ऐकायचं ठरवलं आहे, आधी मुरूडची रात्र करणार. ती नीट झाली तर पौर्णिमेला जयगड. दुपारी बाराला गेटवेहून निघायचं, प्रॉंग्ज दीपगृह उजव्या हाताला ठेवून बाहेर, सूर्यास्तापर्यंत दहा मैल लांब. सकाळी आठला जयगडच्या तोंडाशी. पाळ्या सोलेंटकरांच्या पद्धतीने. काही राहिलंय का?

तांडेलपुत्र

एक राहिलं. आपला किनारा पश्चिमेचा, खाडीत शिरताना तोंड पूर्वेला. डिसेंबरात सूर्य सातच्या पुढे उगवतो, आठला तो बरोबर तुमच्या डोळ्यांत असणार आणि पाणी नुसतं चकाकत असणार. बोया दिसणार नाही, दोर दिसणार नाही. त्याच वेळी रात्रीच्या बोटी बंदरात परतत असतात. तास-दीड तास उशिरा पोचा. एकला निघा. ओहोटी तेव्हाही तुमच्याच बाजूने आहे.

आणि डायव्हिंगचा चष्मा आणि धारदार करवती सुरी सुकाणूजवळ ठेवा. पंख्यात दोर आलाच तर रात्री पाण्यात उतरायचं नाही. शिडं चढवा, मतलईवर सरकत राहा, उजाडलं की बघा. आमच्या बोटीला हर्णैच्या बाहेर असंच झालं होतं, वडिलांनी सगळ्यांना झोपायला पाठवलं आणि सकाळी पाच मिनिटांत दोर निघाला.

खाडीकाठचा

मुरूड आधी, हे वाचून बरं वाटलं.

शिडवेडा

निघायची वेळ एक, बदलली. सूर्याचं डोक्यातच आलं नव्हतं. शेवटचा प्रश्न, परतीचं काय? वायव्य वारा तेव्हा समोरून येणार ना?

गार्गी_दर्या

हो, आणि म्हणूनच परतताना रात्रीच चाला. दुपारी समोरच्या वाऱ्याशी आणि आखूड लाटेशी झगडलात तर ताशी दोन मैलसुद्धा पुढे सरकणार नाही, बोट नुसती आपटत राहील. शिडांच्या काळात गलबतं हेच करत, जमिनीवरचा वारा असेपर्यंत वर सरकायचं आणि समोरचा वारा सुटला की आडोशाला नांगर टाकायचा. तुम्ही जयगडहून संध्याकाळी उजेड असतानाच बाहेर पडा, मतलई येईपर्यंत इंजिनावर, मग शिडांवर. ह्या वेळी किनाऱ्याच्या थोडं जवळ राहिलात तर मतलई जास्त मिळतो, पण जाळीही जास्त. दुपारच्या आत हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला किंवा वेळ साधली तर मुरूडला थांबा. परतीला दोन रात्री धरा आणि रजा त्या हिशोबाने टाका.

तांडेलपुत्र

हर्णैला थांबणार असाल तर आधी इथे लिहा. किल्ल्याच्या कुठल्या अंगाला नांगर धरतो आणि कुठे खडक आहे ते भाऊ दाखवेल, तो अजून बंदरातच असतो.